मामाचा जुना अँप्लिफायर मालवणात पुन्हा चालू केला, त्याची सगळी हकीकत

नोव्हेंबर २०२३ मध्ये हातात घेतलेलं काम एप्रिल २०२४ च्या शेवटी पूर्ण झालं, त्यानंतर एक अख्खा मालवणी पावसाळा त्या अँपने काढला, म्हणून आता खात्रीने लिहितेय. आमच्या किनाऱ्यावर कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी बोटीवर नाहीतर गल्फला जाऊन आलेलं असतं, त्यामुळे माडीवर, कोठीत, पलंगाखाली असे परदेशी स्टिरिओ अजून पडून आहेत. आणि बहुतेक वेळा होतं काय, तर सुट्टीत कोणीतरी तो बाहेर काढतं, फडक्याने पुसून थेट प्लगात घालतं, आतून धूर येतो आणि मग सेट किलोच्या भावाने भंगारात जातो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातले पुष्कळ सेट दुरुस्त होण्यासारखे असतात, फक्त पहिल्या दिवशी घाई व्हायला नको. तेवढ्यासाठी हे लिहितेय.

आमचा अँप म्हणजे एनएडी ३०२०. मामाने १९८२ ला कुवेतहून येताना आणलेला, सहार एअरपोर्टला कस्टमची ड्युटी भरल्याची पावती अजून मॅन्युअलमध्ये दुमडून ठेवलेली आहे, शाई उडालीय पण शिक्का दिसतो. ही कंपनी १९७२ साली लंडनमध्ये सुरू झाली आणि ३०२० बाजारात आला १९७८ ला, एरिक एडव्हर्डसन या इंजिनिअरचं डिझाइन. दिसायला अगदी साधा, काळपट पेटी, ना चांदीची बटणं ना सुयांचे मीटर, आणि कागदावर पॉवर एका चॅनलला फक्त २० वॅट. आज दुकानात खोक्यांवर हजारो वॅट पीएमपीओ छापलेलं असतं, त्या आकड्यांना काही अर्थ नसतो, हे २० वॅट मात्र खरे सलग मिळणारे वॅट आहेत आणि घरातल्या खोलीला ते भरपूर होतात.

मामाला हा अँप हवा होता तो कॅसेटींसाठी. ऐंशीच्या दशकात सुट्टीवर आला की जत्रेत डेक घेऊन बसायचा आणि डबलबारी भजन रेकॉर्ड करायचा, दोन बुवा समोरासमोर, रात्रभर सवाल-जबाब, पहाटेपर्यंत गजर. त्या कॅसेटी डब्यात नीट आहेत. अँप मात्र नव्वदीच्या शेवटी कधीतरी एका बाजूने बंद पडला आणि माडीवर गेला, मग १६ मे २०२१ ला तौक्ते वादळात कौलं उडाली तेव्हा मामीने तो प्लास्टिकात गुंडाळून खाली कोठीत आणून ठेवला. अँप थेट भिजला नाही तो तिच्यामुळेच.

दिवाळी झाल्यावर मी सुट्टी टाकून गेले होते तेव्हा विषय निघाला. मुद्दाम पावसाळा संपल्यावर सुरुवात केली, आणि कोकणात कोणीही हे काम करणार असेल तर नोव्हेंबर ते एप्रिल हाच काळ धरा, हवा कोरडी असते आणि वीज कमी जाते. प्लास्टिक काढलं तर आतल्या बाजूला दमट वास. ज्या प्लास्टिकने पावसापासून वाचवलं त्यानेच आतला ओलावा आत कोंडून ठेवलेला. म्हणून पहिलं काम सुकवणं. उन्हात ठेवू नका, रंग आणि प्लास्टिक जातं. वरचं झाकण काढून ते टेबलावर ठेवलं आणि थोड्या अंतरावर ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब आठवडाभर दिवसा चालू ठेवला, रात्री वरून सुती कापड, झुरळ आणि पाली आत जाऊ नयेत म्हणून.

झाकण काढल्यावर जे दिसलं तेही सांगते, म्हणजे तुमच्याकडे दिसलं तर घाबरायला होणार नाही. तळाच्या पत्र्याला कडेने तांबूस गंज, स्क्रूंची डोकी पांढरट, आणि मागच्या सॉकेटांपैकी दोनांत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, अगदी गच्च. ती माती ओली करून काढायची नाही, लाकडी टूथपिकने कोरडीच उकरायची आणि मऊ ब्रशने झाडायची. धूळ काढायलाही ब्रशच, ओलं फडकं नको. या सगळ्यात वायरी ओढल्या जात नाहीत ना बघा, आणि आधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, पुढे हे फोटो फार उपयोगी पडले.

मला सोल्डरिंग येत नाही आणि २३० व्होल्टच्या पेटीत हात घालायची माझी तयारीही नव्हती, त्यामुळे मेकॅनिक शोधणं आलंच. नवीन दुकानांत विचारलं तर सगळीकडे एकच उत्तर, पार्ट मिळणार नाहीत, त्यापेक्षा ब्लूटूथवाला घ्या. शेवटी कुडाळ बाजारात जुने रेडिओ मेकॅनिक भेटले, वय सत्तरच्या पुढे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी फोनवर फोटो दाखवले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "प्लग लावलंस काय गो?" नाही म्हटलं. तेव्हा कुठे चष्मा वर करून नीट बघायला लागले. "बरा केलंस. तो इतकी वर्सा निजलो हा, तेका हळूहळू उठवक होया." डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घेऊन ये म्हणाले.

नेताना एसटीत अँप मांडीवर घेतला, वजनाला फार नाही, पण ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असल्याने ती बाजू जड लागते, उचलताना तिथून धरा. अण्णांनी आधी मागचं लेबल वाचलं. व्होल्टेज २४० लिहिलेलं, म्हणजे आपल्याकडे चालणारं. हे लेबल वाचणं अत्यंत महत्त्वाचं आहे, कारण बोटीवरच्या लोकांनी थेट जपानमधल्या दुकानातून घेतलेले सेट १०० व्होल्टचे असू शकतात, त्यांना स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आपल्या प्लगात थेट घातले तर संपले. काहींना मागे व्होल्टेज बदलायची खटकी असते, ती कुठे आहे ते बघा. आमच्या वायरीला कुवेतमधला तीन चपट्या पिनांचा प्लग होता, त्याच्या पोटात फ्यूज असतो, तोही काढून मीटरवर तपासला. मग तो प्लग बदलून आपल्याकडचा लावला.

त्यानंतर सिरीज बल्ब. अण्णांकडे लाकडी बोर्डावर होल्डर आहे, त्यात १०० वॅटचा तारेचा बल्ब, आणि अँपला करंट जातो तो त्या बल्बातून. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि अँप वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर भगभगतो, आतले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, भरेपर्यंत, आणि मग मंद होतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच पाहिजे, आणि तो हल्ली सहज मिळत नाही, जुन्या हार्डवेअरच्या दुकानात विचारा. अण्णांनी बटण दाबलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले होते. बल्ब एकदम पेटला, आणि मग खाली खाली जात फक्त तार लालसर राहिली. पुढचे दिवे लागले. अण्णा काहीच बोलले नाहीत, फक्त हात हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, ठेवून बसले, कुठे गरम होतंय का बघत. बराच वेळ. मला तेव्हा इतका आनंद झाला होता की मी तिथूनच मामाला फोन लावला.

स्पीकर मात्र त्यांनी जोडू दिले नाहीत. आधी स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावून डीसी, म्हणजे तिथे असू नये असं एकाच दिशेचं व्होल्टेज, मोजला, डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे ३१. साधारण ५० च्या आत असेल तर ठीक समजतात. आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा भाग, शॉर्ट असेल तर इथे काही व्होल्ट दिसतात आणि ते थेट स्पीकरच्या कॉइलला जाळतात, म्हणून हे मोजल्याशिवाय चांगले स्पीकर कधीच जोडू नका. मी त्यानंतर स्वतःचा मल्टीमीटर घेतला, ७५० रुपये, आणि तो पैसा वसूल आहे.

मग अण्णांनी त्यांचे टाकाऊ स्पीकर लावले. डावी बाजू वाजली, उजवी मुकी. ३०२० च्या मागे प्री-आउट आणि मेन-इन अशा दोन जोड्या सॉकेटांच्या असतात आणि त्यांना जोडणारे यू आकाराचे धातूचे आकडे असतात, प्रीअँप (इनपुट आणि व्हॉल्यूमचा भाग) आणि पॉवर अँप (स्पीकर चालवणारा भाग) वेगळे वापरता यावेत म्हणून ही सोय. खाऱ्या हवेने ते आकडे काळेकुट्ट पडलेले. अण्णांनी ते काढून खोडरबरने घासले, सॉकेटात कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, आकडे परत बसवले आणि उजवी बाजू बोलायला लागली. जवळजवळ पंचवीस वर्षं बंद असलेली बाजू! अण्णा म्हणाले किनाऱ्यावरच्या सेटांत अर्धी दुखणी अशीच असतात, पार्ट गेलेला नसतो, कॉन्टॅक्ट गेलेला असतो. व्हॉल्यूम, बॅलन्स, बास-ट्रेबलचे कंट्रोल आणि सगळी दाबायची बटणंही खरखरत होती, प्रत्येकात थोडा क्लीनर मारून पुन्हापुन्हा फिरवलं, दाबलं. बिजागरीवर मारतो तो तेलकट स्प्रे इथे वापरायचा नाही, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्टसाठीचा वेगळा मिळतो, मला ४८० रुपयांना मिळाला.

राहिला तो हम. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही बारीक घुंऽऽ येत होतं. अण्णांनी समजावलं ते मला पटलं आणि लक्षात राहिलं: हम व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर दोष इनपुटात, वायरीत किंवा अर्थिंगमध्ये शोधायचा, आणि व्हॉल्यूम शून्यावरही तेवढाच असेल तर पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर. हे कंडेन्सर आतून वाळतात, वापरले नाहीत तर आणखीच. आउटपुट ट्रान्झिस्टरची मात्र त्यांना चिंता नव्हती. ३०२० मध्ये २एन३०५५ आणि त्याची जोडी एमजे२९५५ आहेत, आणि ३०५५ म्हणजे आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकचा रोजचा माल, असेंबल्ड अँपांत तोच, इन्व्हर्टरमध्ये तोच. ते नाव वाचून अण्णांचा चेहराच खुलला, "ह्यो तर आपलोच!" ट्रान्झिस्टर चांगले होते, फक्त खालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली, ती पुसून नवीन लावली आणि वीज अडवणारे मायकाचे तुकडे तपासले.

कंडेन्सरची यादी अण्णांनी कागदावर लिहून दिली: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, १०५ डिग्रीवाले, आणि उंची-रुंदीही मोजून, कारण नवीन बसला नाही तर परत पाठवण्यात महिना जातो. बाजारात नकली माल पुष्कळ आहे, म्हणून नीट जीएसटीचं बिल देणाऱ्याकडून घ्या. मी जानेवारीच्या सुरुवातीला ऑनलाइन ऑर्डर टाकली. पहिल्या ठिकाणी मामाच्या गावच्या पिनकोडला डिलिव्हरीच नाही असं आलं. दुसऱ्याने पैसे घेतले, पार्सल फिरत फिरत गेलं आणि पत्ता सापडला नाही म्हणून परत. पैसे परत मिळायला तीन आठवडे, त्यासाठी ऑर्डर नंबर, बँकेचा मेसेज आणि ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट मेल करावा लागला, हे तिन्ही पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. शेवटी विक्रेत्याशी फोनवर बोलून स्पीड पोस्टने पाठवायला सांगितलं, आणि पत्त्यात घराच्या नावाबरोबर वाडीचं नाव, "मु. पो.", तालुका, आणि मामाचा मोबाइल नंबर घातला. पोस्टमन घरी येऊन देऊन गेला. पोस्टेजसकट १६४० रुपये.

या मधल्या वेळात दुसरी एक गोष्ट लक्षात आली. मल्टीमीटर हातात होताच तर घरच्या प्लगमधलं व्होल्टेज वेगवेगळ्या वेळी मोजून वहीत लिहून ठेवलं. संध्याकाळी सातच्या सुमारास १८५, मध्यरात्री २५२. असं खालीवर होत असेल तर जुना अँप दुरुस्त करून काय उपयोग. वीज ऑफिसात तोंडी सांगून काही झालं नाही, मग लेखी अर्ज केला, वर ग्राहक क्रमांक, सोबत शेवटच्या बिलाची झेरॉक्स आणि तारीख-वेळ घातलेल्या आकड्यांचं पान. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-सहीची पोच घ्याच. पोच दाखवून पुन्हा विचारलं तेव्हा फेब्रुवारीच्या शेवटी लाइनमन आला, खांबावरचा न्यूट्रलचा जोड गंजलेला निघाला, तो त्याने नवीन करून दिला. आता २१० ते २४० मध्ये राहतं. तरी स्टॅबिलायझर घेतला, २८०० ला, त्याबद्दल दुमत असू शकतं पण किनाऱ्यावर मला तो हवाच वाटतो.

स्पीकर मामाचेच, पण कोनभोवतीची फोमची रिंग हात लावताच भुकटी झाली. दमट हवेत फोम असाच जातो. कोल्हापूरला रिकोनिंग, म्हणजे स्पीकरचे कोन-रिंग बदलून देण्याचं काम, करणाऱ्याकडे पाठवले, पेट्या घरी ठेवून फक्त आतले स्पीकर काढून, वायरी सोडवायच्या आधी प्लस-मायनसला टेप लावून. फक्त रिंग बदला, मूळ कोन आणि कॉइल ठेवा, असं स्पष्ट सांगितलं. जोडीचे ३२०० झाले आणि मार्चच्या मध्यावर आले. परत बसवताना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघितलं, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावला की कोन बाहेर यायला हवा. एका स्पीकरची वायर उलटी राहिली तर बास गायब होतो आणि माणूस उगाच अँपला दोष देत बसतो.

कंडेन्सर बसवून, पुन्हा सिरीज बल्बवर, पुन्हा डीसी मोजून, बायस (ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा थोडासा करंट) मॅन्युअलप्रमाणे लावून अण्णांनी अँप एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दिला. मजुरी त्यांनी दीड हजार सांगितली, मी अडीच दिले आणि त्यांच्यासाठी मामीने घरचं कोकम आगळ पाठवलं. सगळं धरून साधारण साडेअकरा हजार झाले, त्यातला अर्ध्याहून जास्त खर्च स्पीकर आणि स्टॅबिलायझरचा.

घरी लावला तेव्हा मामाने आधी रेडिओच मागितला, आकाशवाणी रत्नागिरी. माझ्याकडे ट्यूनर नाही, फोनवरून दीडशे रुपयांच्या केबलने ऑक्समध्ये जोडलं. इथे एक सांगायचं राहील, फोन किंवा डेक कधीही फोनो सॉकेटात लावू नका, ते रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टच्या सिग्नलसाठी आहे, तिथे फोन लावला तर भयंकर फाटकं वाजतं. बातम्या झाल्यावर कॅसेट. डेकचा बेल्ट मी आधीच बदलून घेतला होता. १९८६ ची जत्रा, मामाच्या अक्षरात लिहिलेली. आधी नुसता लोकांचा गलबला, मग झांजा, आणि मग पखवाज आला तो कुठून आला म्हणून मी खरंच मान वळवली. डावीकडे एक बुवा, उजवीकडे दुसरा, मध्ये माणसं. मामाने तेव्हा दोन माइक दोन बाजूंना ठेवले होते म्हणे, आणि हे मोबाइलवर किंवा एका स्पीकरवर कधी कळलंच नसतं. पेटीचा भाता ओढल्याचा आवाज येतो. वीस वॅट, व्हॉल्यूमचं बटण घड्याळात दहा वाजता काटा असतो जेमतेम तिथवर, आणि चिऱ्याच्या भिंतींची ती खोली भरून गेलेली. मामी चुलीजवळून उठून आली आणि म्हणाली, "ह्यो आवाज तर नानांचो," समोरच्या गर्दीत कोणीतरी बुवाला दाद देत होतं ते तिचे वडील. मामाने ती जागा मागे घेऊन पुन्हा लावली, मग पुन्हा. त्या रात्री जेवणं फार उशिरा झाली.

पावसाळ्यात काय केलं तेही लिहिते. एक दिवसाआड किमान तासभर अँप चालू ठेवला, त्याच्याच उबेने आतला ओलावा निघतो, हाच सगळ्यात स्वस्त उपाय. प्लास्टिकचं कव्हर नाही, सुती कापड, तेही अँप थंड झाल्यावर. वर काही ठेवायचं नाही, गरम हवा जायला जागा हवी. समुद्राच्या बाजूची खिडकी सोडून आतल्या भिंतीला मांडणी केली. रिकाम्या सॉकेटांना रबरी टोप्या घातल्या, कुंभारमाशीसाठी. मे अखेरच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात गडगडायला लागलं की बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढायचा, आणि टीव्हीच्या डिशमधून अँपला वायर आलेली असेल तर तीही काढायची, वीज त्या वाटेनेही येते. गणपतीनंतर यू आकडे एकदा काढून पुसले, थोडे काळवंडले होते, आवाजात फरक नव्हता. मी ते वर्षातून दोनदा पुसणार आहे.

गणपतीत वाडीतल्या पोरांनी विचारलंच, भजनाला मंडपात लावूया का. नाही सांगितलं. मोकळ्या जागेत एवढा आवाज काढायला हा अँप नाही, व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला की आवाज फाटतो आणि स्पीकर जातात, मंडपाला पीए सेटच भाड्याने घ्यावा. पण ज्यांना जुनी डबलबारी ऐकायची आहे त्यांनी संध्याकाळी घरी या म्हटलं, आणि आता येतात, दोन-तीन जण तर आपापल्या घरच्या कॅसेटी घेऊन. त्यातल्या काहींना बुरशी लागलीय, फितीवर पांढरे ठिपके दिसतात. त्या थेट डेकमध्ये घालत नाही आहोत, हेड खराब होतो आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. त्या साफ कशा करायच्या याचं कोणाला स्वतः केलेलं माहीत असेल तर सांगा, डिसेंबरात हवा कोरडी झाली की तेच काम हातात घेणार आहे.